बॉल पायथनला किती खायला घालायचं? वजनकाटा काय सांगतो आणि काय लपवतो

इन्स्टाग्रामवर कुणाच्या तरी मनगटाला गुंडाळलेला, तपकिरी-सोनेरी ठिपक्यांचा गुबगुबीत साप दिसतो. खाली कमेंट येतात, ‘किती हेल्दी आहे!’ बऱ्याचदा तो हेल्दी नसतो, लठ्ठ असतो. दुसऱ्या व्हिडिओत मालक काळजीत असतो, कारण सापाने दोन महिने उंदराला तोंड लावलेलं नाही. तो साप मात्र अनेकदा ठणठणीत असतो.

हा साप म्हणजे बॉल पायथन. भारतात तो पाळणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि त्याच्या खाण्याबद्दलचे गैरसमजही तितकेच पसरले आहेत. थोडक्यात उत्तर असं: पिल्लाला आठवड्यातून एकदा, मोठ्याला तीन-चार आठवड्यांतून एकदा, तेही त्याच्या वजनाच्या ठरावीक टक्क्यांत. तब्येत ठरवताना काट्यावरचा एक आकडा पुरत नाही. महिन्यामागून महिने त्या आकड्याचा कल आणि पाठीचा आकार एकत्र पाहावा लागतो. भुसावळसारख्या गावात त्यात हवामानाची भर पडते.

हा आपल्याकडचा अजगर नव्हे

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाबरला की डोकं मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. युरोपात त्याला रॉयल पायथन म्हणतात. मादी साधारण चार-पाच फूट होते, नर त्याहून लहान. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू ५० ते ७० ग्रॅमचं असतं. पूर्ण वाढलेली मादी बहुधा दीड ते अडीच किलोची, नर एक ते दीड किलोचा.

सातपुड्याच्या पायथ्याला, तापीकाठच्या शेतात निघतो तो भारतीय अजगर वेगळा. तो कितीतरी मोठा होतो, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि तो घरात ठेवणं हा सरळ गुन्हा आहे. केळीच्या बागेत अजगर दिसला तर त्याला खायला घालायच्या भानगडीत पडू नका. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला किंवा सर्पमित्राला कळवा.

बॉल पायथन परदेशी असला तरी त्याला कायदा आहे. अजगरांचं अख्खं कुळ साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत येतं. २०२२ च्या दुरुस्तीने भारताच्या वन्यजीव कायद्यात अशा प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले आणि केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करणं मालकांना बंधनकारक झालं. नवा साप घेतला तर ३० दिवसांच्या आत कळवावं लागतं. तेव्हा साप विकणारा ‘कागद नंतर देतो’ म्हणाला तर तिथूनच माघारी फिरावं.

ते कागद का पाहायचे, हे डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर दिसलं. बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, बिस्किटांच्या पुड्यांत लपवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडले. असा प्रवास केलेला साप अशक्त आणि शुष्क होऊन येतो, अंगावर गोचीड घेऊन येतो. मग नवा मालक त्याला ‘अंगावर आणायला’ भराभर खायला घालतो आणि साप ते ओकतो.

इतकं कमी खाऊन तो जगतो कसा?

आपण खातो त्यातला मोठा वाटा अंग गरम ठेवण्यात जातो. सापाला हा खर्च नाही. तो ऊब बाहेरून घेतो. शिवाय बॉल पायथन भक्ष्याच्या मागे धावणारा प्राणी नाही. बिळात किंवा फांदीवर दबा धरून बसायचं आणि चालून आलं ते धरायचं, अशी त्याची पद्धत. नायजेरियात झालेल्या एका अभ्यासात लहान साप मुख्यतः पक्षी खाताना आढळले, मोठ्या माद्या मुख्यतः उंदीरवर्गीय प्राणी.

दोन जेवणांच्या मध्ये त्याची पचनसंस्था अक्षरशः दुकान बंद करते. त्याचा चुलतभाऊ असलेल्या बर्मी अजगरावरचे प्रयोग प्रसिद्ध आहेत: भक्ष्य गिळल्यावर दोन-तीन दिवसांत त्याचं आतडं, यकृत, अगदी हृदयसुद्धा आकाराने वाढतं आणि पचन संपलं की पुन्हा आटतं. म्हणजे प्रत्येक जेवण हे शरीरासाठी मोठं काम आहे. ते दर चार दिवसांनी करायला लावणं म्हणजे लाड नव्हेत.

किती आणि किती दिवसांनी?

पाळणारे साधारण टक्केवारीने हिशोब करतात. सापाचं वजन ५०० ग्रॅमच्या आसपास होईपर्यंत भक्ष्य त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, दर ७ ते १० दिवसांनी. पुढे वर्ष-दोन वर्षांच्या वयात ७ टक्क्यांच्या आसपास, पंधरवड्यातून एकदा. तीन वर्षांपुढच्या सापाला ५ टक्के, दर तीन-चार आठवड्यांनी. हा कायदा नाही, अंदाज आहे. पण सुरुवात इथून करायची.

म्हणजे ६० ग्रॅमच्या पिल्लाला ६ ते ९ ग्रॅमचं उंदराचं पिल्लू. ३०० ग्रॅमच्या सापाला ३० ते ४५ ग्रॅमचा छोटा उंदीर. ८०० ग्रॅमच्याला ५५-५६ ग्रॅम. आणि दीड किलोच्या मादीला फक्त ७५ ग्रॅम, महिन्यातून एकदा किंवा त्याहून थोडं लवकर. हा शेवटचा आकडा ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. ‘एवढ्या मोठ्या जिवाला एवढंसं?’ आपल्याकडे ताटात दुसरी वाढ घेतल्याशिवाय जेवण झालं असं मानत नाहीत, आणि तोच प्रेमळ आग्रह सापालाही होतो.

दुसरी खूण डोळ्यांनी पाहायची. भक्ष्याची जाडी सापाच्या अंगाच्या सर्वात जाड भागाइतकी किंवा किंचित जास्त, त्याहून मोठी नको. गिळल्यावर पोटावर हलका फुगवटा दिसावा, एक-दोन दिवसांत तो ओसरावा.

काय द्यायचं? आणि घरातला उंदीर का नको?

पाळून वाढवलेले उंदीर, आणि शक्यतो मारून गोठवलेले. अख्खं भक्ष्य द्यायचं, कारण हाडांतून कॅल्शियम आणि काळजातून जीवनसत्त्वं मिळतात. दुकानातले चिकनचे तुकडे यातलं काहीच पुरवत नाहीत. दुधाचं तर नावच नको. नागपंचमीला वाटीतलं दूध तहानलेला साप पितो तेव्हा तो पाणी शोधत असतो. दूध त्याला पचत नाही.

भुसावळसारख्या ठिकाणी खरी अडचण पुरवठ्याची आहे. मुंबई-पुण्यात गोठवलेले उंदीर पुरवणारे सापडतात, इथे ते बाहेरून मागवावे लागतात, आणि मे महिन्यात बर्फातलं पार्सल घरापर्यंत गोठलेलं पोचेल याची खात्री नसते. मग सोपा मार्ग म्हणून गोदामातला किंवा शेतातला उंदीर पिंजऱ्यात धरून दिला जातो. हे करू नका. शेतात आणि धान्याच्या गोदामात झिंक फॉस्फाइड किंवा रक्त पातळ करणारी विषं सर्रास ठेवलेली असतात. विष खाल्लेला उंदीर काही काळ हिंडता-फिरता असतो. तो सापाच्या पोटात गेला की विषही जातं. जंतांचा धोका वेगळाच. वर्षभराचा पुरवठा नीट लागणार नसेल, तर साप आणण्याआधीच हा प्रश्न सोडवायला हवा, आणल्यावर नाही.

जिवंत उंदीर सोडायचाही मोह असतो, व्हिडिओला व्ह्यूज मिळतात म्हणून तर जास्तच. भूक नसलेला साप कोपऱ्यात बसून राहतो आणि घाबरलेला उंदीर त्याचीच पाठ कुरतडतो. मणक्यापर्यंत गेलेल्या अशा जखमा पशुवैद्यांना नव्या नाहीत.

गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, झाकणाच्या वेगळ्या डब्यात ठेवून सुटा होऊ द्यायचा. मग पिशवीत घालून गरम पाण्यात धरायचा, बाहेरून ३८ ते ४० अंशांपर्यंत ऊबदार होईस्तोवर. मायक्रोवेव्ह नको, बाहेर शिजतो आणि आत गार राहतो. ऊब महत्त्वाची, कारण बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात आणि थंड उंदीर त्याला अन्न वाटतच नाही. संध्याकाळनंतर, दिवा मंद करून, लांब चिमट्याने द्यायचा. खाल्ल्यावर ४८ तास साप हातात घ्यायचा नाही. उरलेला उंदीर पुन्हा गोठवायचा नाही.

ओकला तर? दहा-पंधरा दिवस काही देऊ नका, पाणी ठेवा, तापमान तपासा. मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं भक्ष्य. दुसऱ्यांदा ओकला की पशुवैद्य.

वजन कसं करायचं?

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा, पाच किलो क्षमतेचा डिजिटल काटा पुरतो. झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा काट्यावर ठेवून शून्य करा, साप आत सोडा, स्थिर झाला की आकडा लिहा. पिल्लाचं वजन दोन आठवड्यांनी, मोठ्याचं महिन्यातून एकदा, दोन्ही वेळा जेवणाच्या आदल्या दिवशी.

वहीत वजनासोबत चार गोष्टी हव्यात: कधी खाल्लं, किती ग्रॅमचं, कात कधी टाकली, शी कधी केली. शेवटची नोंद लोक टाळतात, पण तीच सगळ्यात उपयोगी. बॉल पायथन कित्येक आठवडे शी धरून ठेवतो. मोठ्या सापात तेवढ्याने काट्यावर पन्नास ग्रॅमचा किंवा त्याहून जास्त फरक सहज पडतो. सोमवारी १,५२० आणि शुक्रवारी १,४६० दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही, आधी टोपली पाहा.

इंटरनेटवर ‘एक वर्षाला इतके ग्रॅम, दोन वर्षांना इतके’ असे तक्ते फिरतात. त्यांच्याशी आपल्या सापाची तुलना करणं हा बहुतेक चुकांचा उगम आहे. बरेच तक्ते पैदास करणाऱ्यांचे असतात, आणि त्यांना मादी लवकर अंडी घालण्याच्या वजनाला आणायची असते. एकाच वयाचे दोन निरोगी नर ७०० आणि १,१०० ग्रॅमचे असू शकतात. तुमच्या सापाची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याशी करा.

आकडा बाजूला ठेवा, पाठ पाहा

खान्देशात हे समजावणं सोपं आहे, कारण इथे केळीची पारख घराघरात आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पारख त्याच्या कितीतरी आधीची. रावेर-सावद्याकडून दिल्लीच्या बाजाराला जाणारा माल कापताना शेतकरी फळाचे कंगोरे बघतो. कोवळ्या केळीला धारदार कडा असतात. पाऊण भरलेल्या केळीच्या कडा बोथट होतात पण दिसतात. पूर्ण भरलेलं केळं नळीसारखं गोल होतं.

बॉल पायथन पाऊण भरलेल्या केळीसारखा असावा.

त्याच्या अंगाचा मधला भाग आडवा कापला आहे अशी कल्पना करा. निरोगी सापात तो कोपरे घासलेल्या त्रिकोणासारखा दिसेल: खाली सपाट, दोन्ही बाजू भरलेल्या, वर कण्याची हलकीशी रेघ. हलक्या बोटाने पाठीवरून हात फिरवला तर मणके जाणवतात, पण टोचत नाहीत.

कणा तंबूच्या काठीसारखा वर आला आहे, दोन्ही बाजूंना खोलगट पन्हाळ पडली आहे, बरगड्या मोजता येतात, शेपटीच्या मुळाशी खड्डे आहेत, असं असेल तर साप हडकला आहे. इथे एक गफलत होते. पाणी कमी पडलेल्या सापाची कातडीही लोंबते आणि तिला बारीक सुरकुत्या पडतात. तो उपाशी नसून तहानलेला असू शकतो. ताजं पाणी आणि ओलसर शेवाळाची टोपली दिल्यावर एक-दोन दिवसांत कातडी सुधारली तर गोष्ट पाण्याची होती.

उलट अंग सॉसेजसारखं गोल, पाठीवर रेघच नाही, उलट कण्याच्या जागी घळ पडली आहे. साप वळला की कुशीवर जाड घड्या पडतात. पोट भरलेलं नसतानाही खवले एकमेकांपासून दूर होऊन मधली कातडी दिसते. शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडे गाद्या आल्या आहेत. हा लठ्ठ साप. सापाची चरबी आपल्यासारखी कातडीखाली कमी आणि पोटाच्या आत जास्त साठते, म्हणजे बाहेरून दिसेपर्यंत आत बरीच जमलेली असते. यकृतावर चरबी चढते, मादीची अंडी अडकतात. त्याला उपाशी ठेवून झटकन उतरवणंही चुकीचं. भक्ष्य लहान करा, अंतर वाढवा, फांद्या लावून हालचाल करू द्या, आणि काही महिने वाट बघा.

एकाच ठिकाणचा फुगवटा म्हणजे लठ्ठपणा नव्हे. तो नुकतंच खाल्लेलं भक्ष्य असेल, अंडी असतील, अडकलेली शी असेल किंवा गाठ. खाऊन आठवडा उलटला तरी तो तसाच राहिला तर डॉक्टरला दाखवा.

वजनाचं वेड किती घातक होऊ शकतं याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अंधश्रद्धेपायी मांडूळ साप चोरून विकले जातात आणि त्यांची किंमत वजनावर ठरते. पाळीव सापाच्या जगात गुन्हा नसतो, पण ‘जास्त भरला तो भारी’ हा हिशोब तोच.

भुसावळच्या मे महिन्यात आणि जानेवारीत

बॉल पायथनने खाणं सोडलं की लोक आधी उंदीर बदलतात. आधी थर्मामीटर बघा.

त्याच्या पेटीत एका बाजूला ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या बाजूला २५-२६ अंश हवेत, म्हणजे तो स्वतः जागा बदलून अंग सांभाळतो. भुसावळ हे राज्यातल्या सर्वात तापणाऱ्या गावांपैकी. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्रीही तो खाली येत नाही. अशा वेळी पेटीची थंड बाजूच उरत नाही. हीटर बंद केला तरी खोलीच ३८ अंशांवर असेल तर साप पाण्याच्या भांड्यात पडून राहतो आणि खात नाही. ते शहाणपणच आहे. पेटी तळमजल्यावरच्या, आतल्या, जाड भिंतींच्या खोलीत न्या. कूलर त्याच खोलीत असू द्या, पण झोत थेट पेटीवर नको. कूलरने हवेतला ओलावाही वाढतो आणि खान्देशच्या कोरड्या उन्हाळ्यात तो हवाच असतो, नाहीतर कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवरची कात अडकते. खोली तापलेली असेल त्या आठवड्यात खायला देऊ नका, दिलंच तर लहान.

जानेवारीत उलट. रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. सापाच्या पोटात उंदीर आणि पेटीत २० अंश, म्हणजे अन्न पचण्याऐवजी सडतं आणि साप ओकतो. थर्मोस्टॅट जोडलेली उष्णता-चटई हवी, आणि वीज गेली तर ती इन्व्हर्टरवर चालायला हवी. थर्मोस्टॅटशिवाय चटई लावू नका, साप भाजतो.

सगळं ठीक असूनही मोठा साप, विशेषतः नर, हिवाळ्यात दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त उपास करतो. या जातीचा स्वभावच तो. अशा वेळी वही कामाला येते. उपास सुरू झाला तेव्हा १,४०० ग्रॅम होता आणि दोन महिन्यांनी १,३३० असेल तर घट ५ टक्के, पाठीचा आकारही टिकून आहे, मग दर दोन-तीन आठवड्यांनी एकदा विचारा आणि नाही म्हणाला तर उंदीर उचला. १,२६० वर आला म्हणजे १० टक्के गेले. आता थांबायचं नाही. नाकातून बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास, तोंडात पू किंवा वारंवार ओकणं यांपैकी काही दिसलं तर टक्केवारीची वाटही पाहू नका. पिल्लांना ही मोकळीक नाही. १०० ग्रॅमच्या आतल्या पिल्लाने लागोपाठ चार-पाच वेळा नाकारलं तर मदत घ्या. चिमट्याने तोंड उघडून जबरदस्तीने भरवायचे व्हिडिओ बघून घरी प्रयोग करू नका, घशाला इजा होते.

डॉक्टर शोधणं हे शेवटचं नाही, पहिलं काम. जनावरांचे डॉक्टर तालुक्यात असतात, सापावर उपचार करणारे मोजके. भुसावळहून रेल्वेच्या एकाच मार्गावर अकोल्याला माफसूची पशुवैद्यक संस्था आहे, पुढे नागपूरला आणि दुसऱ्या टोकाला मुंबईच्या परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जाण्याआधी फोन करून सरपटणारे प्राणी बघणारं कुणी आहे का, हे विचारा. जाताना साप कापडी पिशवीत, पिशवी डब्यात, सोबत नोंदणीचा कागद आणि वजनाची वही.

आणि हे किती वर्षांसाठी? अमेरिकेतल्या सेंट लुई प्राणिसंग्रहालयात २०२० मध्ये एका बॉल पायथन मादीने अंडी घातली, तेव्हा तिचं वय किमान ६२ होतं. घरातले बॉल पायथन साधारण वीस-तीस वर्षं जगतात. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गाव सुटलं तर तो कोण सांभाळणार, हे घरात आधी बोलून घ्या. सांभाळणं अशक्य झालं तर त्याला यावलच्या जंगलात किंवा हतनूरच्या काठी सोडू नका. वन विभागाला कळवा आणि नोंदणीतल्या मालकाचं नाव बदलून घ्या.